एअर रायफलची हवा रात्रीत उतरते, ग्रुप उभा पसरतो: दोष शोधायचा कुठे?

संध्याकाळी रायफलचा हवेचा सिलिंडर 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरला आणि सकाळी रेंजवर गेज पाहिलं, तर काटा 150 च्या खाली. किंवा हवा नीट टिकते, पण साठ शॉट्सच्या मॅचमध्ये चाळिसाव्या शॉटनंतर छर्रे हळूहळू खाली बसायला लागतात. दहा मीटर एअर रायफलच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रकारांत मोडतात. त्यांचा खरा त्रास हा की त्या परत येतात. ओ-रिंग (जोडातली गोल रबरी रिंग) बदलली, महिनाभर बरं चाललं, पुन्हा तेच. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: हवा जिथून सुटताना दिसली तिथे दुरुस्ती झाली, पण ती जागा कशामुळे खराब झाली हे कुणी पाहिलं नाही.

हे लिहितोय ते भरलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलींसाठी. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, आनशुट्झ, कंपनी कोणतीही असो, आतली रचना बरीचशी सारखी. अंजली भागवत 2000 साली सिडनीत आणि सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सला याच प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला. त्यानंतर कोल्हापूर, पुणे, मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही पोरं या रायफलीवर सराव करू लागली. अनेक घरांत ती रायफल सेकंडहँड असते, कर्ज काढून घेतलेली असते, आणि जाणकार गनस्मिथ चार जिल्हे ओलांडून असतो. त्यामुळे घरी काय तपासायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे पालकांना आणि क्लबच्या कोचना माहीत असणं फार गरजेचं आहे. मुलाचा स्कोअर घसरला की सगळे त्याच्या श्वासावर, ट्रिगरवर, एकाग्रतेवर बोलू लागतात. दोष हवेत असेल तर त्या मुलावर तो अन्याय आहे.

हवेचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. सिलिंडरमध्ये 200 बारची हवा. तिथून ती रेग्युलेटरमध्ये जाते आणि तो दाब उतरवून बहुतेक रायफलींत 70-80 बारच्या आसपास आणतो. ही उतरवलेली हवा एका छोट्या चेंबरमध्ये थांबते. ट्रिगर दाबला की हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, आणि मोजून दिलेला झोत 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने बाहेर ढकलतो. या सगळ्या वाटेवर जिथे जिथे दोन भाग जुळतात तिथे ओ-रिंग बसवलेली असते. गळती म्हणजे यांपैकी कुठल्या तरी एका ठिकाणची चूक.

वेग थोडा बदलला तर काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून पाहा. 172 मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण 17 मिलिमीटर खाली येतो. वेग 5 मीटरने कमी झाला तर तो आणखी एक मिलिमीटर खाली बसतो. एअर रायफलच्या टार्गेटवर एका रिंगचं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांशातला एक गुण पाव मिलिमीटरचा. एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश. 10.9 लागायला हवा होता तो 10.5 लागला. फायनलमध्ये एवढ्यावर मुलं बाहेर पडतात.

आधी कार्ड वाचा

पाना हातात घेण्याआधी कागदाचं टार्गेट, म्हणजे कार्ड, लावा. रायफल शक्य असेल तर क्लॅम्पमध्ये धरा, नसेल तर भक्कम सपोर्टवर ठेवा, आणि एकाच डबीतले छर्रे मारा. ग्रुपचा, म्हणजे कार्डावरच्या भोकांच्या पुंजक्याचा, आकार पुष्कळ सांगतो. ग्रुप उभा लांबला असेल, आडवा मात्र नेहमीइतकाच अरुंद असेल, तर संशय हवेवर घ्या. छर्रे कुठल्याही दिशेला अधूनमधून भटकत असतील तर छर्रे किंवा बॅरल. ग्रुप घट्टच आहे पण सगळाच्या सगळा सरकलाय, तर कुठला तरी स्क्रू ढिला झालाय किंवा साइट (नेम धरायचं साधन) हललीय. आणि क्लॅम्पमध्ये एकाच भोकात छर्रे जात असतील तर रायफल ठीक आहे, ती पुन्हा पेटीत ठेवा आणि दुसरीकडे पाहा.

ही पायरी वगळून लोक थेट साइटच्या क्लिक मोजायला लागतात. हवा कमी पडत असताना साइट वर घेतली की तात्पुरतं बरं वाटतं, पण सिलिंडर भरला की छर्रे वर जातात आणि गोंधळ दुप्पट होतो. तपास पूर्ण होईपर्यंत साइटला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

गळती खरी आहे का?

अनेक "गळत्या" म्हणजे नुसती गरम हवा असते. मोठ्या सिलिंडरवरून भराभर हवा भरली की रायफलचा सिलिंडर हाताला गरम लागतो. आतली हवा 45 अंशांवर असताना गेज 200 दाखवत असेल, तर ती 27 अंशांवर आल्यावर तोच काटा साधारण 189 वर येतो. हवा कुठेही गेलेली नाही. हिवाळ्यात दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्यांनाही हा धक्का बसतो: इथे 30 अंशांत 200 बार भरलेला सिलिंडर तिथे 10 अंशांत 187 दाखवतो. म्हणून हवा सावकाश भरा, सिलिंडर निवल्यावर गेज पाहा, आणि तो आकडा खरा माना. तपासण्याची वेळही रोज एकच ठेवा.

निवल्यानंतरही काटा उतरतोय, तर मग गळती आहे. ती सिलिंडरमध्ये आहे की रायफलमध्ये, हे कळायला दोन रात्री पुरतात. पहिल्या रात्री सिलिंडर काढून वेगळा ठेवा आणि आकडा लिहून घ्या. सकाळी उतरला असेल तर दोष सिलिंडरच्या तोंडाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या जोडात. उतरला नसेल तर दुसऱ्या रात्री तो रायफलला लावून ठेवा. आता उतरला, तर दोष रायफलच्या बाजूला. क्लबमध्ये त्याच मेकचा दुसरा सिलिंडर मिळाला तर तो लावून पाहणं ही सगळ्यांत स्वस्त परीक्षा आहे. गेज अडकून खोटा आकडा दाखवतंय का, हेही त्याच वेळी कळतं.

सिलिंडरवर संशय असेल तर भांडी घासायचं लिक्विड थोड्या पाण्यात कालवून ब्रशने तोंडाला आणि गेजच्या जोडाला लावा. गळती बारीक असेल तर बुडबुडा यायला काही मिनिटं लागतात, घाई करू नका. नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. तोंडातून बुडबुडे येत असतील तर कधी कधी नुसता कचरा अडकलेला असतो. सिलिंडरसोबत आलेल्या हवा सोडायच्या टूलने, तोंड माणसांपासून दूर धरून, क्षणभर हवा सोडली की तो उडून जातो. गेजच्या जोडातून येत असतील तर तिथे घरी काही करू नका. दाब असताना तो जोड सैल केला तर गेज गोळीसारखं सुटू शकतं.

ओ-रिंग

रायफलच्या बाजूची गळती बहुतेक वेळा सिलिंडर जिथे आटे घेऊन बसतो तिथल्याच रिंगमध्ये निघते. प्रेशर कुकरच्या रिंगसारखंच हिचं आहे: कडक झाली, चपटी झाली किंवा एका जागी चिरली की कितीही आवळा, वाफ येतेच. सिलिंडर हातानेच, शेवटाला टेकेपर्यंत फिरवायचा. पान्याने आवळल्यावर गळती थांबली असं वाटलं, तर समजा रिंग आता आणखी कापली जातेय.

नवी रिंग घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजून घ्या. हायड्रॉलिक सीलच्या दुकानात ती मिळते, पण कडकपणा विचारा. 200 बारच्या जागेला 90 शोअरची (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) रिंग लागते. 70 शोअरची मऊ रिंग तिथे बसवली तर दाबाने ती फटीत घुसते आणि थोड्याच दिवसांत कातरली जाते. "नवी टाकली तरी महिन्यात गेली" या तक्रारीमागे हे कारण फार वेळा असतं. जुनी रिंग काढताना टाचणी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. खाचेत ओरखडा पडला तर तिथे कुठलीच रिंग टिकणार नाही. लाकडी काडी किंवा प्लास्टिकचं टूल पुरतं. नवी रिंग बसवण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा बोटावर जेमतेम दिसेल एवढाच थर लावा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस, यांतलं काहीही हवेच्या रस्त्याला लावायचं नाही. 200 बारची हवा झटक्यात आत शिरते तेव्हा तिथलं तापमान प्रचंड वाढतं, आणि अशा तेला-ग्रीसची वाफ त्या हवेत पेट घेऊ शकते. डिझेल इंजिनात नेमकं तेच होतं. याच कारणाने सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. हॉस्पिटलचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नाही, "एकदाच" म्हणूनही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा थेंब एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ: ओलावा

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडच्या परत येणाऱ्या दोषांचं मूळ मला सर्वाधिक वेळा इथेच सापडतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली हवा पाण्याने भरलेली असते. ती 200 पट दाबली की त्यातलं बहुतेक पाणी वाफ म्हणून राहू शकत नाही, थेंब होऊन खाली बसतं. कॉम्प्रेसरला किंवा हातपंपाला ओलावा शोषणारा फिल्टर नसेल, किंवा असून त्यातले दाणे कधीच बदलले नसतील, तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. स्टीलच्या सिलिंडरला आतून गंज धरतो, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये पांढरी पूड तयार होते. तो गंज, ती पूड हवेबरोबर वाहत जाऊन रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या जागेवर, बसते. एक कण पुरतो. मग रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, रिंगा खरवडल्या जातात. तुम्ही रिंग बदलता, कण आत तसेच असतात, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार.

म्हणून एकाच रायफलची दुसऱ्यांदा गळती झाली की रायफलइतकंच लक्ष हवा भरायच्या जागेकडे द्या. क्लबच्या कॉम्प्रेसरचं पाणी प्रत्येक वेळी काढलं जातं का? फिल्टरमधले सिलिका जेलचे दाणे रंग बदलून गेलेत का? हातपंप वापरत असाल तर मध्ये थांबून पंप निववता का, आणि ब्लीड स्क्रू (उरलेली हवा सोडायचा स्क्रू) उघडल्यावर पाण्याचे थेंब दिसतात का? मोठ्या सिलिंडरवरून भरत असाल तर तो कोरड्या हवेने भरलेला आहे याची खात्री भरणाऱ्याकडूनच करून घ्या. हवा भरायच्या अडॅप्टरला धूळ लागू देऊ नका, सिलिंडरच्या तोंडाला झाकण ठेवा. रेंजवरच्या वाळूचा, खडूचा, टॉवेलच्या धाग्याचा एक तुकडाही आत जायला नको. सिलिंडर पूर्ण रिकामा करून उघडा ठेवण्याची सवय मोडा. थोडा दाब आत राहिला तर बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. विमानप्रवासासाठी सिलिंडर रिकामा करावाच लागतो, तेव्हा झाकण लावायला विसरू नका.

रेग्युलेटर

गळती नाही, पण ग्रुप उभा आहे. आता क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लागेल. क्लबमध्ये एक असावाच. नेमबाजीच्या महागड्या जॅकेटच्या मानाने तो फार स्वस्त पडतो. सिलिंडर भरून दहा शॉट्स साधारण सारख्या गतीने मारा आणि वेग लिहा. मग रायफल दहा मिनिटं तशीच ठेवा आणि पुन्हा मारा. विश्रांतीनंतरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळा येत असेल आणि दुसऱ्यापासून वेग जागेवर येत असेल, तर रेग्युलेटरची सीट पूर्ण बंद होत नाही. थांबल्या वेळात सिलिंडरचा दाब हळूहळू पुढच्या चेंबरमध्ये झिरपतोय. मॅचमध्ये याचं लक्षण असं दिसतं: मुलगी श्वास नीट करायला दोन मिनिटं थांबते, आणि नेमका तोच शॉट वर जातो. कोच म्हणतात, थांबून लय तुटली. लय तुटलेली नसते.

दुसरा प्रकार: गेज 200 वरून 100 वर येईपर्यंत वेगही सतत बदलत राहतो. म्हणजे रेग्युलेटर त्याचं कामच करत नाही. आणि वेग शेवटपर्यंत स्थिर राहून एका विशिष्ट दाबाखाली अचानक पडायला लागला, तर तो बिघाड नव्हे. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की असंच होणार. तुमच्या रायफलीत हा आकडा किती आहे तो एकदा शोधा, सिलिंडरवर पट्टी चिकटवून लिहा, आणि त्याच्या बऱ्याच वर असतानाच हवा भरा. "चाळिसाव्या शॉटनंतर खाली" ही तक्रार एवढ्यावरही सुटते.

रेग्युलेटर घरी उघडू नका. आतल्या वॉशरांचा क्रम आणि दिशा एकाने जरी चुकली तरी पुढच्या भागावर नको तेवढा दाब जातो. तो गनस्मिथचाच प्रांत आहे.

ब्रीच आणि व्हॉल्व्ह

टिश्यू पेपरची अरुंद पट्टी ब्रीचवर, म्हणजे छर्रा भरायच्या जागेवर, हलकेच ठेवा आणि सुरक्षित दिशेला, टार्गेटवर, एक शॉट मारा. पट्टी फडफडली तर बोल्टच्या (छर्रा आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाची रिंग गळतेय. ही रिंग लहान, स्वस्त आणि बदलायला सोपी. रायफल कॉक न करता (हॅमर न ताणता), छर्रा नाही याची दोनदा खात्री करून, तीच पट्टी बॅरलच्या तोंडासमोर टांगली आणि ती हलत राहिली, तर मुख्य व्हॉल्व्ह नीट बसत नाही. भरलेल्या सिलिंडरवर काही ड्राय शॉट्स (छर्रा न घालता) मारले की सीटवरचा कण कधी कधी निघून जातो. नाही गेला तर पुढचं गनस्मिथचं. कान किंवा बोट बॅरलच्या तोंडाशी कुणीही नेऊ नये.

छर्रे आणि बॅरलबद्दल थोडक्यात. डबी बदलली तर बॅच नंबर पाहा, 4.49 आणि 4.50 मिलिमीटर डोक्याचे छर्रे एकाच रायफलीत वेगळे ग्रुप देऊ शकतात. बॅरल फेल्टने, ब्रीचकडून तोंडाकडे साफ करा. पितळी ब्रश नको. छर्रे शिशाचे असतात, मुलांना हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नका. स्टॉकचे (दस्त्याचे) आणि साइटचे स्क्रू टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याला.

मॅचच्या दिवशी

टोकियो ऑलिंपिकमध्ये, 25 जुलै 2021 रोजी, मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्यातच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेले शॉट्स घाईत मारावे लागले, 575 गुण झाले आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 75 मिनिटांच्या त्या फेरीत एक भाग बिघडला की हात कितीही पक्का असला तरी उपयोग नसतो. म्हणून किटमध्ये भरलेला दुसरा सिलिंडर, सिलिंडरच्या आणि बोल्टच्या रिंगांची छोटी पुडी, सिलिकॉन ग्रीस, लाकडी काडी आणि ॲलन की एवढं असायलाच हवं. दुसऱ्या सिलिंडरवर सराव करून ग्रुप तोच येतो का हेही आधी पाहा.

सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षांची मुदत संपलेला सिलिंडर साहित्य तपासणीत अडतो, आणि तो अडला नाही तरी भरू नये. सेकंडहँड रायफल घेताना हीच तारीख पहिली पाहा. पुष्कळदा रायफल स्वस्त मिळते ती सिलिंडर संपत आल्यामुळे, आणि नव्याचा खर्च नंतर अंगावर पडतो.

रायफल गनस्मिथकडे पाठवायची वेळ आलीच, तर "हवा लीक होते" एवढंच लिहून पाठवू नका. सिलिंडर वेगळा ठेवल्यावर आणि लावल्यावर रात्रीत किती बार उतरले, भरताना आणि निवल्यावरचे आकडे, क्रोनोग्राफवरचे दहा वेग, विश्रांतीनंतरचा पहिला वेग, ग्रुपचं कार्ड, आणि हवा कुठून भरता, हे एका कागदावर लिहून पेटीत ठेवा. रायफल रिकामी, सिलिंडर काढलेला, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (ती रिकामी असल्याची खूण). या नोंदी असतील तर दोष कुठे शोधायचा हे त्याला पेटी उघडतानाच कळतं, आणि रायफल पुढच्या स्पर्धेच्या आत परत येण्याची शक्यता वाढते.